बॅटरी खरंच गेली आहे का?

दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये मागच्या सीटच्या कडेला, बसणाऱ्याच्या खांद्याजवळ एक काळी प्लॅस्टिकची जाळी असते. वर्षानुवर्षं त्या गाडीत बसणाऱ्यांनाही ती कशासाठी आहे हे बहुधा ठाऊक नसतं. कुणी तिच्यावर कोट टाकतं, कुणी उशी टेकवतं, कुणाच्या कुत्र्याचे केस तिथे साचत जातात. या जाळीतून गाडीतली गार हवा आत ओढली जाते आणि सीटमागे दडलेल्या मोठ्या बॅटरीवरून फिरवली जाते. जाळी, तिच्यामागची नळी आणि पंखा धुळीने तुंबला की बॅटरी तापते, तापली की झिजते आणि एके दिवशी डॅशबोर्डवर उद्गारचिन्हाचा लाल त्रिकोण पेटतो. गॅरेजवाला स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर ‘पी०ए८०’ असा कोड येतो. कंपनीच्या पुस्तकात त्याच्यासमोर लिहिलेलं असतं, हायब्रिड बॅटरी बदला. मालकापुढे दोन-तीन हजार डॉलरचं बिल उभं राहतं, आणि पंधरा-वीस वर्षांच्या त्या गाडीला बाजारात किंमतही जेमतेम तेवढीच उरलेली असते.

इथे घाई केली की खिशाला चाट बसलीच म्हणून समजा. कोड म्हणजे गाडीच्या संगणकाने काढलेला निष्कर्ष. त्या संगणकाला बॅटरीच्या आत डोकावता येत नाही. काही तारांवरून येणारे व्होल्टेजचे आकडे, तापमान आणि करंट एवढंच त्याला कळतं. आकडे ठरावीक मर्यादेबाहेर गेले की तो बॅटरीला नापास करून मोकळा होतो. आकडे का बिघडले हे शोधणं माणसाचं काम. कधी बॅटरी खरोखरच संपलेली असते. कधी तिच्यातल्या अठ्ठावीस सुट्या भागांपैकी, म्हणजे मॉड्यूलांपैकी, एकच मेलेलं असतं, कधी तांब्याच्या पट्टीवर हिरवा गंज चढलेला असतो, तर कधी सगळा गोंधळ डिकीतल्या छोट्या बॅटरीने घातलेला असतो. खर्च काही डॉलरांत आटोपतो की काही हजारांवर जातो हे बऱ्याचदा तपास कोणत्या क्रमाने झाला यावर ठरतं. स्वस्त आणि बाहेरच्या गोष्टी आधी, महाग आणि आतल्या नंतर, हाच तो क्रम.

डिसेंबर १९९७मध्ये जपानमध्ये पहिली प्रियस विक्रीला आली तेव्हापासून तिच्या बॅटरीची लोकांना धास्ती होती. पाच-सात वर्षांत बॅटरी मरेल आणि गाडी भंगारात जाईल, असं भाकीत अनेकांनी केलं होतं. ते खोटं पाडलं टॅक्सीवाल्यांनी. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात सुरुवातीच्या प्रियस टॅक्सींपैकी एक गाडी दोन वर्षांच्या आसपासच तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेली आणि टोयोटाने ती अभ्यासासाठी परत घेतली. २०११मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक मासिकाने दोन लाख मैलांहून जास्त, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या पुढे धावलेली २००२ची प्रियस मिळवली. दहा वर्षांपूर्वी नव्याकोऱ्या गाडीवर केलेल्याच चाचण्या तिच्यावर केल्या. नवी गाडी एका गॅलनला ४०.६ मैल गेली होती. ही म्हातारी ४०.४ मैल गेली.

टॅक्सीचा अनुभव एक गोष्ट शिकवून जातो. या गाड्यांतल्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्यांना रोजची धाव सोसते, उष्णता आणि निष्क्रियता सोसत नाही. महिनोन्‌महिने उन्हात उभी राहिलेली, मीटरवर कमी किलोमीटर दाखवणारी गाडी रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा आधी कुरकुरू शकते. सेकंडहँड हायब्रिड घेताना ‘कमी चाललेली’ म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्याने हे लक्षात घ्यायला हवं.

दुसऱ्या पिढीची प्रियस २००३ ते २००९ या काळात बाजारात होती. कॅलिफोर्नियात तिच्या लोकप्रियतेचं एक कारण पिवळं स्टिकर हे होतं. २००५पासून तिथल्या सरकारने जास्त ॲव्हरेज देणाऱ्या हायब्रिडना एकटा चालक असला तरी कारपूलच्या लेनमधून जायची मुभा दिली. अशी ८५,००० स्टिकरं वाटली गेली आणि जुलै २०११मध्ये ती सवलत संपली. सॅन होजे-सनीव्हेल भागात नोकरीला असलेल्या मराठी इंजिनिअरांच्या घरांसमोरही या गाड्या दिसू लागल्या, त्या याच काळात. पुढे त्या विद्यार्थ्यांकडे, डिलिव्हरीवाल्यांकडे, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या. जपानमधल्या जुन्या प्रियस तर जहाजाने दूरदूर पोचल्या. मंगोलियाची राजधानी उलानबातरमध्ये त्या पावलोपावली दिसतात, कारण तिथे त्या स्वस्त पडतात आणि उणे तीस अंशांतही सुरू होतात. अमेरिकेत कंपनीची वॉरंटी तेव्हा आठ वर्षं किंवा एक लाख मैल होती, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत दहा वर्षं किंवा दीड लाख मैल. ती केव्हाच संपली. म्हणजे आज या गाडीची बॅटरी बिघडली तर मालकाला स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो.

या गाडीत बॅटऱ्या दोन. एक नेहमीची १२ व्होल्टची, दुसरी २०१.६ व्होल्टची. मोठ्या बॅटरीत २८ मॉड्यूल एकाला एक जोडलेली असतात, प्रत्येकात सहा सेल, एकूण १६८ सेल. साठवण मात्र अगदी थोडी, साधारण १.३ युनिट वीज. घरातला गीझर पाऊण तासात एवढी वीज पिऊन टाकतो. या बॅटरीवर लांब जायचंच नसतं. चढावर आणि वेग घेताना ती इंजिनला हात देते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून घेते. ती टिकावी म्हणून गाडी तिला कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी रिकामीही होऊ देत नाही, सहसा ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच खेळवते. या संयमामुळेच ती इतकी वर्षं टिकते.

तपासाची सुरुवात मात्र छोट्या बॅटरीपासून करायची. प्रियसमध्ये ती बॉनेटखाली नसते, डिकीत एका बाजूला असते. ती इंजिन फिरवत नाही, ते काम मोठ्या बॅटरीचं. पण गाडीचे सगळे संगणक तिच्यावर जागे होतात आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिलेही तीच ओढते. ती अशक्त झाली की संगणक अर्धवट झोपेत उठतात. एकाच वेळी ब्रेकचा, स्टीअरिंगचा आणि हायब्रिडचा दिवा लागतो, पडदा मध्येच काळा होतो, गाडी ‘रेडी’ म्हणत नाही. दिवाळीसारखा लखलखलेला डॅशबोर्ड पाहून मालकाच्या पोटात गोळा येतो. आणि दोष असतो चार-पाच वर्षं जुन्या, एरवी कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या त्या छोट्या बॅटरीत.

तिची तपासणी मल्टिमीटरने दोन मिनिटांत होते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी ठणठणीत, १२च्या खाली आला तर संशयाला जागा. गाडी ‘रेडी’ झाल्यावर हा आकडा १४च्या जवळ जायला हवा. गेला नाही तर चार्जिंगची बाजू तपासायची. मल्टिमीटर नसेल तर दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये एक आडवाट आहे. पडद्याजवळचं ‘इन्फो’ किंवा ‘डिस्प्ले’ बटण दाबून धरायचं आणि पार्किंग दिवे तीनदा लावून बंद करायचे. पडद्यावर तपासणीचा मेनू उघडतो आणि त्यात छोट्या बॅटरीचं व्होल्टेज दिसतं. ही बॅटरी बदलताना तशीच, वायू बाहेर नेणारी नळी जोडता येईल अशी घ्यावी लागते, कारण ती माणसं बसतात त्याच बंदिस्त जागेत असते. आणि जंपर केबल लावताना लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर नुकसान फ्यूजवर थांबेलच असं नाही. ती चूक थेट महागड्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत पोचू शकते.

छोटी बॅटरी चांगली निघाली की मग मोठीकडे वळायचं. बिघाडाची चाहूल आधीच लागलेली असते. ॲव्हरेज हळूहळू उतरतं. इंजिन सिग्नलवरही बंद होत नाही. मागून पंख्याचा घरघराट ऐकू येतो, थंडीतसुद्धा. सगळ्यात बोलकी खूण पडद्यावरच्या बॅटरीच्या चित्रात दिसते. काही मिनिटांपूर्वी हिरव्या पट्ट्यांनी भरलेली बॅटरी एक छोटा चढ चढताच दोन पट्ट्यांवर कोसळते आणि उतारावर तितक्याच घाईने भरते. एवढी वीज खरोखर गेलेली किंवा आलेली नसते. बॅटरीची धारणशक्ती आटलेली असते, म्हणून थोडी वीज काढली की तळ दिसतो आणि थोडी घातली की काठोकाठ भरल्यासारखं वाटतं.

आता स्कॅनर. अमेरिकेत १९९६पासून प्रत्येक कारला निदानाचं ओबीडी-२ सॉकेट सक्तीचं आहे. त्यात बसणारं ब्लूटूथचं छोटं यंत्र आणि मोबाइलवरचं ‘डॉ. प्रियस’सारखं ॲप घेतलं की घरच्या घरी बरंच काही दिसतं. नुसता कोड वाचून थांबू नये. दुसऱ्या पिढीच्या प्रियसचा संगणक दोन-दोन मॉड्यूलांचा एक ब्लॉक धरतो आणि अशा १४ ब्लॉकांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजतो. गाडी उभी असताना सगळे ब्लॉक सारखेच सज्जन दिसतात. खरा तपास भाराखाली. शेजारी कुणीतरी फोन धरून बसावं, चालकाने मोकळ्या रस्त्यावर गाडी दाबावी, मग ब्रेक लावावेत. वेग घेताना तेरा ब्लॉक थोडे-थोडे खाली येतात आणि सातवा त्यांच्यापेक्षा सव्वा-दीड व्होल्ट जास्त खाली जातो, असं दिसलं तर पाणी कुठे मुरतंय ते कळलं. एका निकेल-मेटल हायड्राइड सेलचं व्होल्टेज सव्वाच्या आसपास असतं. तेवढाच फरक पडतोय म्हणजे त्या ब्लॉकमधला एक सेल कामातून गेलाय. अशा वेळी ‘पी०ए८०’च्या जोडीला पी३०११ ते पी३०२४ यांपैकी एखादा कोडही सापडतो, आणि तो नेमक्या ब्लॉकचा क्रमांक सांगतो. अनेक गॅरेजांत पहिला कोड वाचून स्कॅनर बंद होतो. मालकाने दुसराही कोड मागून घ्यावा.

एका सेलने एवढा गोंधळ का व्हावा? सगळे सेल एकामागून एक जोडलेले असल्याने सगळ्यांतून सारखाच करंट वाहतो. आग विझवायला हातोहात बादल्या देणाऱ्या माणसांच्या रांगेत एक जण थकला की सगळ्या रांगेचा वेग त्याच्यावर येतो, तसं इथे होतं. अशक्त सेल आधी रिकामा होतो, आणि बाकीच्यांनी ढकललेला करंट त्यातून जातच राहतो. मग तो उलट्या दिशेने चार्ज होऊ लागतो, तापतो आणि शेजारच्या सेलनाही तापवतो. मधल्या मॉड्यूलांना दोन्ही बाजूंनी उष्णता मिळते, म्हणून बळी बहुधा मधले जातात.

बॅटरी उघडण्याआधी हवेची वाट बघायची. मागची जाळी काढून टॉर्च मारला तर कधीकधी पंख्याच्या पात्यांवर राखाडी नमद्यासारखा थर बसलेला दिसतो. हा पंखा बाहेर काढून नरम ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करणं हे साधारण हात चालवणाऱ्या माणसाचं एका दुपारचं काम आहे. पुढच्या काही मॉडेलांत टोयोटाने जाळीमागे धुता येणारं फिल्टर दिलं, हा सुधारणेचा शहाणपणा. पण ते फिल्टर धुवायचं असतं हे मालकांना कोण सांगणार? पंखा साफ केल्याने मेलेला सेल जिवंत होत नाही. मात्र नवी बॅटरी टाकून पंखा तसाच तुंबलेला ठेवला तर नवीसुद्धा त्याच वाटेने जाते, आणि हे दुर्दैवाने बरेचदा घडतं.

यापुढचं काम जिवावर बेतू शकतं आणि ते शिकलेल्या माणसाचंच आहे. नारिंगी रंगाची कोणतीही केबल म्हणजे उच्च दाब. चावी गाडीपासून दूर ठेवायची, छोट्या बॅटरीची ऋण तार सोडवायची, १,००० व्होल्ट झेलणारे रबरी हातमोजे घालायचे आणि मग नारिंगी सर्व्हिस प्लग ओढून काढायचा. त्यानंतर इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे व्हायला दुसऱ्या पिढीत किमान पाच मिनिटं आणि तिसऱ्या पिढीत दहा मिनिटं थांबायचं. इन्व्हर्टर २०१.६ व्होल्टचा दाब दुसऱ्या पिढीत ५०० आणि तिसऱ्या पिढीत ६५० व्होल्टपर्यंत वाढवतो. प्लग काढला तरी मॉड्यूलांतली वीज जात नाही, फक्त साखळी मध्ये तुटते. अंगठी, घड्याळ, हातातलं कडं घालून या पेटीत हात घालणारा माणूस स्वतःचाच नव्हे, घरच्यांचाही विचार करत नाही.

पेटीचं झाकण निघालं की आधी नजर तांब्याच्या पट्ट्यांवर. या पट्ट्या एका मॉड्यूलला दुसऱ्याशी जोडतात, आणि नव्या असताना गुलाबी चमकतात. जुन्या गाडीत त्या काळपट झालेल्या असतात, काही ठिकाणी टोकांवर मोरचुदी, पूड झडणारा थर साचलेला असतो. दमट हवा आणि सेलमधून झिरपणाऱ्या क्षाराची बाष्पं यांनी तो बनतो. सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं, तीव्र अल्कली. गंजामुळे जोडाचा रोध वाढतो. जोरात करंट गेला की त्या जोडावरच व्होल्टेज पडतं, आणि संगणकाला वाटतं मॉड्यूलच ढेपाळलं. व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक तारांची टोकं गंजली तर आकडे आणखी भरकटतात. पट्ट्या साफ करून किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या नव्या बसवून, तारांचा हार्नेस बदलून आणि नट टॉर्क रेंचने ठरलेल्या जोराने घट्ट करून काही गाड्या मूळच्याच बॅटरीवर पुन्हा धावू लागतात. नट हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्याकडे हे काम देऊ नये. मॉड्यूलचा प्लॅस्टिकमधला खांबच पिळवटून निघतो.

पट्ट्या स्वच्छ असतील तर एकेक मॉड्यूल तपासायचं. प्रत्येकावर खडूने क्रमांक टाकायचा आणि स्वस्थ स्थितीतलं व्होल्टेज वहीत मांडायचं. चांगलं मॉड्यूल ७.६ ते ८.२च्या मध्ये असतं. एखादं ६.६ दाखवत असेल तर त्यातला एक सेल गेला हे बेरीज-वजाबाकीनेच कळतं. उरलेल्यांना भार द्यायचा. त्यासाठी हेडलाइटचा साधा ५५ वॅटचा बल्ब पुरतो. दोन मिनिटं बल्ब लावून व्होल्टेज कुठवर उतरतं ते बघायचं. तब्येतीचं मॉड्यूल सातच्या वर पाय रोवून उभं राहतं, आजारी मॉड्यूल बघता बघता सहाच्या घरात घसरतं आणि बल्ब मंदावतो. नंतर सगळी मॉड्यूलं दाबून बांधलेल्या स्थितीतच चार्ज करून काही आठवडे ठेवली की जे आपोआप रिकामं होतं तेही बाजूला काढता येतं. दाबून बांधणं महत्त्वाचं, कारण मोकळं मॉड्यूल चार्ज करताना फुगतं आणि मग पेटीत बसत नाही.

मग आजारी मॉड्यूल काढून दुसऱ्या जुन्या बॅटरीतलं बरं मॉड्यूल बसवायचं. खर्च थोडा, गाडी लगेच सुरू. पण या उपायाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मेलेलं मॉड्यूल ज्या वयाचं, उरलेली सत्तावीसही त्याच वयाची आणि त्याच उष्णतेत राहिलेली. एक बदललं की काही महिन्यांत दुसरं जातं, मग तिसरं. दर वेळी पेटी उतरवायची, दर वेळी मजुरी. शिवाय नव्याने आलेल्या मॉड्यूलची धारणशक्ती बाकीच्यांशी जुळली नाही तर कमकुवतांवर ताण आणखी वाढतो. सहा महिन्यांनी गाडी विकायची असेल तर हे ठिगळ चालेल, पण घेणाऱ्याला सांगून. सगळी मॉड्यूलं सावकाश चार्ज-डिस्चार्ज करून समतोलात आणणं हा त्यापेक्षा बरा उपाय आहे. त्याने थकलेल्या बॅटरीला थोडं आयुष्य मिळतं, मेलेलीला नाही. गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल आणि इंजिन, पत्रा, सस्पेन्शन धडधाकट असेल, तर नव्या सेलची पूर्ण बॅटरी हाच किफायतशीर सौदा. ‘रिबिल्ट’ म्हणून विकली जाणारी बॅटरी घेताना आतले सेल नवे की निवडून लावलेले जुने, हे लेखी घ्यावं. तिथेच बहुतेकांची फसगत होते.

काही वेळा संगणक बॅटरीकडे बोट दाखवतो आणि चोर भलतीकडेच असतो. ‘पी०एए६’ हा कोड म्हणजे उच्च दाबाची वीज गाडीच्या पत्र्याकडे गळते आहे. बॅटरीतला सेल झिरपून द्रावण लोखंडी पेटीला लागलं तर हे होतं. पण असाच प्रकार एसीमुळेही होतो. प्रियसचा एसी कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्यात वीज न वाहू देणारं खास तेल लागतं. साध्या गाड्यांचा एसी दुरुस्त करणाऱ्याने नेहमीचं पीएजी तेल थोडंसं जरी भरलं तरी कॉम्प्रेसरमधलं इन्सुलेशन बिघडतं आणि गाडी बंद पडते. कोडच्या पोटातला उपकोड वाचला तर गळती बॅटरीत आहे, एसीत आहे की मोटरच्या बाजूला आहे, हे कळतं. तो न वाचता बॅटरी बदलणं म्हणजे म्हशीचं दुखणं नि पखालीला इंजेक्शन.

तसंच इन्व्हर्टरला गार ठेवणारा पाण्याचा छोटा पंप. तो बंद पडला तर इन्व्हर्टर तापतो, गाडी दम टाकते आणि लाल त्रिकोण पेटतो. २०१२मध्ये टोयोटाने दुसऱ्या पिढीच्या बऱ्याच गाड्या या पंपासाठी परत बोलावल्या होत्या. तपासणी सोपी. गाडी ‘रेडी’ असताना इन्व्हर्टरच्या कूलंटच्या टाकीत बघायचं. पाणी खळबळत असेल तर पंप चालू, स्थिर असेल तर बंद. तिसऱ्या पिढीत सकाळी गार इंजिन सुरू होताना गाडी गदागदा हलते तेव्हा लोक हायब्रिड बॅटरीला दोष देतात. बऱ्याचदा ते हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये उतरलेलं कूलंट असतं.

होंडाच्या सिव्हिक हायब्रिडची गोष्ट वेगळा धडा देणारी. २००६ ते २००८च्या गाड्यांच्या बॅटऱ्या अपेक्षेआधी थकू लागल्या तेव्हा २०१०मध्ये कंपनीने सॉफ्टवेअर बदललं. त्याने बॅटरीवरचा ताण घटला, पण मालकांच्या मते गाडीचा जोम आणि ॲव्हरेजही घटलं. हीदर पीटर्स या कॅलिफोर्नियातल्या मालकिणीने छोट्या दाव्यांच्या न्यायालयात एकटीने खटला लढवला आणि फेब्रुवारी २०१२मध्ये ९,८६७ डॉलरची भरपाई मिळवली. मे महिन्यात अपिलात तो निकाल फिरला. तरी जुन्या हायब्रिडचा तपास करताना गाडीत कोणतं सॉफ्टवेअर आहे, हेही विचारायला हवं, हे तेव्हापासून लोकांना कळलं.

भारतात या सगळ्याची वेळ आता येते आहे. सिव्हिक हायब्रिड इथे २००८मध्ये आली, प्रियस २०१०मध्ये, आणि २०१३पासून कॅमरी हायब्रिड बंगळुरूजवळच्या बिडदीत जुळवली जाऊ लागली. त्या मोजक्याच होत्या. २०२२पासून मात्र हायरायडर, ग्रँड विटारा, सिटी आणि इनोव्हा हायक्रॉस या हायब्रिड मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरल्या. त्यांतल्या हायक्रॉसची बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडचीच आहे आणि तिच्यातही सेल १६८च आहेत. बाकीच्या तिघींत लिथियम-आयन आहे. तिथे बल्ब लावून मॉड्यूल बदलण्याचे हे घरगुती प्रकार चालणार नाहीत आणि करूही नयेत. टोयोटाची इथली हायब्रिड बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. म्हणजे पहिल्या हायरायडर २०३०मध्ये आणि पहिल्या हायक्रॉस २०३१च्या सुमाराला वॉरंटीबाहेर पडतील. रोज नाशिक-मुंबई करणाऱ्या टॅक्सी किलोमीटरच्या हिशेबाने त्याआधीच. छत्रपती संभाजीनगरला टोयोटाने हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना काढायचा करार ३१ जुलै २०२४ला महाराष्ट्र सरकारशी केला आहे. गाड्या इथे बनणार असतील तर त्या दुरुस्त करणारे हातही इथे तयार व्हायला हवेत. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या मुलांना नारिंगी केबलसाठीचे हातमोजे, इन्सुलेशनची मोजणी आणि ब्लॉकचं व्होल्टेज वाचणं शिकवायला २०३०ची वाट बघायचं कारण नाही.

विदर्भ-मराठवाड्यातला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि बारमाही धूळ या बॅटऱ्यांची कॅलिफोर्नियापेक्षा कठोर परीक्षा घेणार. म्हणून गाडी घेतल्याबरोबर बॅटरीची हवा आत घेण्याची जागा मॅन्युअलमध्ये शोधावी आणि सीट कव्हर, चटई किंवा सामानाने ती झाकली जाणार नाही हे बघावं. फिल्टर असेल तर प्रत्येक सर्व्हिसिंगला त्याची सफाई कागदावर लिहून घ्यावी. सेकंडहँड कॅमरी बघायला जाणाऱ्याने सोबत ओबीडीचं यंत्र न्यावं, एखादा खरा चढ चढून उतरावा आणि ब्लॉकांच्या आकड्यांतला फरक बघावा. विकणाऱ्याने नुकताच स्कॅनरने कोड पुसला असेल तर तेही पकडता येतं. पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा बरीच यंत्रं दाखवतात, आणि तो वीस-पंचवीस असेल तर सौदा त्या दिवशी करू नये. बॅटरी बदलायची वेळ आलीच तर जुनी भंगारवाल्याला देऊ नये. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि जुनी बॅटरी जमा केल्याची पावती डीलरकडून मागून घेण्याचा आग्रह मालकाने धरावा.